कड्याखालची चूल

त्या दिवशी चहा झाला नसता तरी कुणाचं काही अडलं नसतं.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार होता. नाशिक जिल्ह्यातला एक मध्यम चढाईचा किल्ला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक तेवढा किल्ला टाळतात आणि दुसऱ्या कड्याखाली निर्धास्त पथारी पसरतात. पनवेलजवळच्या कर्नाळ्याच्या सुळक्यावरची मोहोळं सगळ्यांना माहीत आहेत, तिथे माणसं जपून वागतात. पण पावसाळा सरला की आग्या माशा सह्याद्रीतल्या कुठल्याही उंच, पुढे झुकलेल्या कातळाला पोळं लावतात. तेव्हा हा प्रश्न एका किल्ल्याचा नाही.

आम्ही अकरा जण होतो. सगळी आमच्या सोसायटीतली माणसं, शिवाय माझा १३ वर्षांचा भाचा. मला तेव्हा डोंगरात फिरायला लागून १८ वर्षं झाली होती आणि बाकीचे माझ्या भरवशावर आले होते. वाट दाखवायला पायथ्याच्या गावातले एक मामा होते, खांद्यावर घोंगडी, हातात कोयता.

साडेअकराच्या सुमारास माचीवर पोचलो. ऊन चटके देऊ लागलं होतं. माचीच्या टोकाशी कडा पुढे आलेला आहे, त्याच्या पोटात ऐसपैस सावली असते. त्या सावलीत मी आधी चार-पाच वेळा तरी बसले होते. वर साधारण ७०-८० फुटांवर कातळाला एक काळपट डाग दिसत होता. भाच्याने विचारलं, "मावशी, ते काय?" मी म्हणाले, "आग्या मोहोळ. आपण त्यांच्या वाटेला गेलो नाही तर त्या आपल्या वाटेला येत नाहीत." बोलले ते खरंच होतं. पण धूर करणं म्हणजेच वाटेला जाणं, हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

मामा म्हणाले होते, "ताई, हितं नगा बसू. वर आग्या हाय. मागं पळसापाशी बसू." पळस दहा मिनिटं मागे राहिला होता आणि माणसं एव्हाना सॅक टेकवून बसली होती. मी म्हणाले, "पाच मिनिटांत चहा करून निघूच, मामा." मामा गप्प राहिले. गावातला माणूस पाहुण्याला दोनदा नाही म्हणत नाही. त्याचं पहिलं 'नगा' हेच शेवटचं समजायचं असतं.

बरोबरच्या स्टोव्हचा गॅस संपला. मग तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या. पेटेना म्हणून कुणीतरी मूठभर पाला घातला आणि पांढरा, दाट धूर निघाला. कड्याला लागून धूर सरळ वर चढतो, धुराड्यातून चढावा तसा. आम्ही सगळे पातेल्याकडे बघत होतो.

भाचा वर बघत होता. "मावशी, तो डाग हलतोय."

आग्या माशांचं पोळं उघडं असतं, एकच मोठं, आणि त्यावर हजारो माशा एकमेकींना बिलगून पडद्यासारख्या बसलेल्या असतात. धोका जाणवला की त्या पोटाची टोकं एकीपाठोपाठ एक वर उचलतात आणि त्या पडद्यावरून लाट सरकत जाते. भाच्याला दिसली ती लाट होती. त्यानंतरचा इशारा खाली मिळतो. दोन-तीन माशा येतात, डोक्याभोवती फिरतात, कपाळावर, केसांवर टकरा देतात, पण लगेच डंख मारत नाहीत. त्या वेळी हात अजिबात न झटकता, तोंड सावकाश झाकून, आल्या वाटेने गुपचूप मागे सरायचं. अजून सुटका असते. मी हात झटकला. एक माशी केसांत अडकली, मी ती बोटांनी चिरडली आणि पिकलेल्या केळ्यासारखा वास आला.

तो वास म्हणजे बाकीच्यांना घातलेली हाक. माशी डंख मारते तेव्हा काटा आपल्या कातडीत राहतो आणि तिथून हा वास सुटतो. जिथे एक चावली तिथेच दुसरी येते ती त्यामुळे. मारलेली प्रत्येक माशी आणखी माशा बोलावते.

आधी आवाज आला. घाट चढणाऱ्या ट्रकसारखा, लांबून. मग तो कानाच्या आतच आला. पुढची वीसेक मिनिटं मला सलग आठवत नाहीत, तुकडे आठवतात. पातेलं कलंडलं. कुणीतरी देवाचा धावा करत होतं. मामांनी भाच्याला आणि एका मुलीला खाली बसवून त्यांच्यावर घोंगडी टाकली, घोंगडीच्या कडा स्वतःच्या पायांखाली दाबून धरल्या आणि स्वतः उघडे राहून ओरडत राहिले, "कारवीत शिरा! कारवीत! तिकडं दरी हाय, तिकडं नगा पळू!"

माचीवर सावलीचा कडा एका बाजूला आणि दरी दुसऱ्या बाजूला, मधे जेमतेम ३० पावलं. डोळ्यांवर माशा बसल्या की माणूस डोळे मिटून पळतो. आमच्यातले पन्नाशीचे एक गृहस्थ तसेच दरीच्या बाजूला पळाले आणि १०-१२ फूट खालच्या पट्ट्यावर पडले. पट्टा होता म्हणून ते आज आहेत. घोट्याचं हाड मोडलं, उठता येईना, आणि माशा त्यांच्यावर बसतच राहिल्या. मी कारवीच्या झुडपांत ओढणी गुंडाळून पडले होते. त्यांचा आवाज मला ऐकू येत होता आणि मी उठले नाही. उठले असते तरी उपयोग झाला नसता, असं सगळे सांगतात. मला अजून तसं म्हणता येत नाही.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगते. कड्याच्या आसपास कुठेही बसण्यापूर्वी मान वर करून कातळ नीट बघा, आणि मग स्वतःला विचारा: इथून पळायची वेळ आली तर कुठे पळायचं? त्याचं उत्तर मोठ्याने, सगळ्यांना, हात दाखवून सांगा. "या बाजूला दरी आहे, इकडे कुणी यायचं नाही. काही झालं तर त्या झाडीत." अर्धं मिनिट लागतं. माशांनी माणूस दगावतो, तसाच त्यांच्यापासून पळताना कड्यावरून कोसळूनही दगावतो, आणि हे दुसरं मरण आपल्याला आधी थांबवता येतं. उत्तर सापडलं नाही, तर ती जागा बसायची नाही.

मोहोळ कुठे लागलंय हे गावात विचारा. आग्या माशा ऋतू बदलला की जागा सोडून जातात, पण वर्षानुवर्षं त्याच कातळावर परतही येतात, त्यामुळे गुराख्यांना ठिकाणं पाठ असतात. कड्याखाली चूल नको, बिडी-सिगारेट नको, फटाके तर नकोच. दगड मारणं, आरोळ्या ठोकणं, मोहोळाजवळ ड्रोन उडवणं, हेही नको. निघताना अत्तर, डिओ, सुगंधी तेल लावू नका. फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, केस बांधा. आणि इतकं करूनही मोहोळ उठू शकतं. मधुबाज हा पक्षी पोळ्यावर झडप घालतो, माशा उठतात, आणि खालून जाणारा माणूस काही न करता सापडतो.

तेव्हा सॅकमध्ये सगळ्यात वर एक पातळ चादर ठेवा. सगळ्यात वर, म्हणजे चेन उघडली की हातात येईल अशी. तळाशी ठेवलेली चादर कामाची नाही. माझ्याकडे त्या दिवशी होती, तळाशी. डोक्यावरून घ्यायची बारीक जाळीची टोपी मिळते, खिशात मावते. मी आता बरोबरच्या प्रत्येकाला ती घ्यायला लावते.

मोहोळ उठलंच तर सामान सोडा, डोकं आणि तोंड झाका, आणि ठरवलेल्या दिशेला जितकं लांब जाता येईल तितकं जा. आग्या माशा शेकडो मीटर पाठलाग करतात. दाट झुडपं, झोपडी, बंद होणारा तंबू, काचा वर केलेली गाडी, जे जवळ असेल ते. अंग पूर्ण झाकता येत असेल तरच एका जागी दबून बसायचं, नाहीतर नाही. पाण्यात उडी मारू नका. माशा वर घिरट्या घालत राहतात, श्वास घ्यायला डोकं वर काढलं की तोंडावरच बसतात, आणि गडावरच्या पाण्याच्या टाक्यांच्या काठावरून बाहेर येणंही सोपं नसतं.

रॅपलिंग करताना दोरावर असलेल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. रॅपलिंगचा मार्ग ठरवताना समोरच्या डोंगरसोंडेवरून दुर्बिणीने तो कडा वरपासून खालपर्यंत बघून घ्या, झुकलेल्या भागाचा तळ विशेषकरून, कारण माथ्यावरून तो दिसत नाही. अँकरची बांधणी अशी हवी की माणूस अडकला किंवा त्याचे हात थांबले तर वरच्याला दोर हळूहळू सोडत त्याला खाली उतरवता यावं. हे शिकायला एक दिवस लागतो. ज्या संस्थेबरोबर जाणार असाल तिला हे विचारा आणि करून दाखवायला सांगा.

आता त्या दुपारकडे येते. धूर विरला तसा आवाज ओसरला. मी मोजायला सुरुवात केली आणि नऊच भरले. आधी कुणाला किती सूज आली हे बघत बसू नका, आधी माणसं मोजा. दोघं आणखी खाली कारवीत सापडली. मग काटे. मला वाटत होतं चिमटा हवा, आणि चिमटा शोधण्यात आम्ही वेळ घालवला. काट्याला विषाची पिशवी चिकटलेली असते, ती कातडीत विष ढकलत राहते, आणि बहुतेक विष पहिल्या मिनिटाच्या आतच उतरतं. माशांच्या टप्प्यातून बाहेर पडताच नखाने, ओळखपत्राच्या कडेने, मिळेल त्याने काटा खरवडून काढायचा. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. माझ्या डोक्यातून, मानेतून आणि हातांतून दवाखान्यात ५२ काटे निघाले, तोवर ते रिकामे झालेले होते.

आणि आमच्यातल्या एका मुलीला फक्त तीन माशा चावल्या होत्या. आम्ही तिला धडधाकट समजून सामान उचलायला लावलं. उतरताना तिचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, आवाज घोगरा झाला. आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून चालवत नेलं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं की अशा माणसाला चालवायचं नसतं. आडवं करायचं, पाय उंच ठेवायचे, दम लागत असेल तर बसवायचं, आणि उचलून न्यायचं. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, घसा सुजणं थांबत नाही. ज्याला आधी कधी माशीच्या डंखाने असा त्रास झालाय त्याने डोंगरात जाण्याआधी डॉक्टरांकडून इंजेक्शन आणि ते द्यायची रीत दोन्ही घेऊन ठेवावीत, आणि बरोबरच्यांना ते सांगावं. लपवू नये. ५० किंवा त्याहून जास्त डंख झालेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या आणि दिवसभर नजरेखाली ठेवा. विषाचा भार मूत्रपिंडांवर येतो. लघवी काळपट झाली तर एक क्षण थांबू नका. तातडीच्या मदतीचे १०८ आणि ११२ हे क्रमांक सगळ्यांना पाठ असतात, पण फोनला रेंज कुठे येते ते चढतानाच बघून ठेवायचं, हे कुणी करत नाही.

पडलेल्या गृहस्थांना गावातल्या सहा पोरांनी दोन बांबू आणि चादरीची झोळी करून खाली आणलं. मामांच्या अंगावरचे काटे कुणीच मोजले नाहीत. ते दवाखान्यात आले नाहीत, चुना लावून घरी बसले. मला ते दोन दिवसांनी कळलं. जीप निघताना मी अकरा माणसं मोजली होती, बारावं मोजलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्याच सुमाराला मी आणि भाचा गेलो. मामा पुढे होते, घोंगडी तीच. पळसापाशी ते थांबले, आणि या वेळी त्यांना काही सांगावं लागलं नाही. भाच्याने दुर्बीण लावून कडा बघितला. डाग जागेवर होता, मागच्यापेक्षा मोठा, आणि शेजारी आणखी दोन. पळसाला केशरी बहर आला होता, त्यावर त्याच माशा होत्या, आपल्या कामात. आम्ही जरा अंतर ठेवून बसलो, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, बाटलीतलं पाणी प्यालो. माचीवर गेलो नाही. चहा मामांच्या घरी उतरल्यावर घेतला.