तायक्वांदो : मार्ग आणि मैदान

तायक्वांदो हा शब्द तीन कोरियन शब्दांचा मिळून झालेला आहे. 'ताय' म्हणजे पायाने केलेला आघात, 'क्वॉन' म्हणजे वळलेली मूठ आणि 'दो' म्हणजे मार्ग. पहिल्या दोन शब्दांचा संबंध शरीराशी आहे. लाथ किती वेगाने आली, मूठ कोठे बसली, हे डोळ्यांना दिसते आणि मोजताही येते. तिसऱ्या शब्दाचे तसे नाही. चिनी लिपीतील ज्या चिन्हाने 'ताओ' लिहिला जातो, त्याच चिन्हाने हा 'दो' लिहितात. भक्तिमार्ग, ज्ञानमार्ग हे शब्द ज्याच्या कानांवरून गेले आहेत अशा भारतीय वाचकाला त्याचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज पडू नये. एखादी गोष्ट वर्षानुवर्षे निष्ठेने करीत राहिल्याने ती करणारा माणूसच हळूहळू पालटत जातो, हा विचार त्या लहानशा शब्दात सामावलेला आहे.

आज दोनशेहून अधिक देशांत व प्रदेशांत तायक्वांदोच्या राष्ट्रीय संघटना आहेत आणि २००० सालापासून ऑलिंपिकमध्ये त्याला पदकाच्या खेळाचे स्थान आहे. इतका प्रसार आशियातील फारच थोड्या युद्धकलांच्या वाट्याला आला. ह्या प्रसाराबरोबरच एक प्रश्न उभा राहिला. जी विद्या 'मार्ग' म्हणून शिकवली जाते, ती मैदानात उतरून गुणांवर जिंकण्या-हरण्याचा विषय झाली, म्हणजे तिच्यातील मार्गाचे काय होते? प्रस्तुत प्रकरणात ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कलेची घडण

१९१० ते १९४५ ह्या काळात कोरिया जपानच्या अमलाखाली होता. शिक्षणासाठी जपानमध्ये गेलेल्या अनेक कोरियन तरुणांनी तेथे कराटेचे शिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर, स्वातंत्र्याच्या आगेमागे, त्यांच्यापैकी काहींनी आपापल्या शाळा काढल्या. ह्या शाळांना 'क्वान' म्हणत. चुंग दो क्वान, मू दुक क्वान, सोंग मू क्वान अशी त्यांची नावे होती आणि प्रत्येक शाळेची शिकवण्याची रीत वेगळी होती. दुसरीकडे कोरियातच तेक्क्योन नावाचा, पायांच्या चपळ हालचालींवर आधारलेला जुना खेळ होता. परकी सत्ता गेल्यानंतर ह्या सर्वांना आपल्या भाषेतले, आपले म्हणता येईल असे एक नाव हवे होते.

हे नाव सुचवण्याचे श्रेय सेनाधिकारी चोई हाँग-ही ह्यांच्याकडे जाते. ११ एप्रिल १९५५ रोजी सोल येथे भरलेल्या बैठकीत 'तायक्वांदो' हे नाव स्वीकारण्यात आले. चोई ह्यांनी स्वतः जपानमध्ये कराटेचे शिक्षण घेतलेले होते. तथापि केवळ परक्या विद्येला देशी नाव देण्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम आणि अदम्य वृत्ती ही पाच तत्त्वे तायक्वांदोच्या पायाशी ठेवली. शिकलेल्या विद्येचा दुरुपयोग करणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यांच्या पद्धतीतील प्रत्येक विद्यार्थ्याला घ्यावी लागते.

ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती नुसती वारशाने हाती येत नाही. ती निवडावी लागते, तिला नाव द्यावे लागते आणि पुढच्या पिढीला शिकवावी लागते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. तायक्वांदोची परंपरा मुख्यत्वे विसाव्या शतकात घडवली गेली. त्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. मात्र जी परंपरा शिकवण्यातून उभी राहिली, ती शिकवणे थांबताच मोडकळीस येईल, हेही ओघानेच आले.

हालचालींत साठवलेला इतिहास

चोई ह्यांच्या पद्धतीत ठराविक हालचालींच्या मालिकेला 'तुल' म्हणतात. विद्यार्थी समोर प्रतिस्पर्धी आहे अशी कल्पना करून, एकट्याने, ठरलेल्या क्रमाने बचाव व आघात करीत जातो. अशी एकूण २४ तुले आहेत. माणसाचे आयुष्य अनंत काळाच्या मानाने जेमतेम एका दिवसाएवढे, म्हणून दिवसाच्या २४ तासांवरून ही संख्या घेतली आहे.

पहिले तुल 'चोन-जी', म्हणजे आकाश आणि पृथ्वी. त्यात १९ हालचाली आहेत. 'दो-सान' हे नाव कोरियातील शिक्षणप्रसारासाठी व स्वातंत्र्यासाठी झटलेल्या आन चांग-हो ह्यांच्या टोपणनावावरून आले. 'वॉन-ह्यो' हे तुल त्याच नावाच्या बौद्ध भिक्षूच्या स्मरणार्थ आहे. 'जुंग-गुन' ह्या तुलात ३२ हालचाली आहेत. आन जुंग-गुन ह्या देशभक्ताला १९१० मध्ये मृत्युदंड देण्यात आला तेव्हा कोरियन गणनेप्रमाणे त्याचे वय ३२ होते. 'साम-इल' ह्या तुलातील ३३ हालचाली १ मार्च १९१९ च्या स्वातंत्र्यघोषणेवर सह्या करणाऱ्या ३३ जणांची आठवण देतात.

पोलंडमधील अथवा अर्जेंटिनामधील एखादा मुलगा ही तुले शिकतो तेव्हा त्याला नुसत्या हालचाली शिकवून भागत नाही. नाव कोणाचे, संख्या कशावरून, हेही त्याला सांगावे लागते. पट्ट्यांच्या रंगांमागेही असाच अर्थ आहे. पांढरा पट्टा अजाणतेपणाचा, पिवळा पृथ्वीचा, हिरवा उगवणाऱ्या रोपाचा, निळा आकाशाचा. तांबडा पट्टा धोक्याची खूण असून ती प्रतिस्पर्ध्याला जितकी, तितकीच स्वतः विद्यार्थ्यालाही आहे, कारण ह्या टप्प्यावर अंगात बळ आलेले असते, पण संयम पुरता मुरलेला नसतो.

स्पर्धेचे दोन मार्ग

२२ मार्च १९६६ रोजी चोई ह्यांनी सोल येथे आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ स्थापन केला. पुढे दक्षिण कोरियाच्या शासनाशी त्यांचे पटेनासे झाले आणि १९७२ मध्ये ते कॅनडात जाऊन राहिले. त्याच वर्षी सोलमध्ये कुक्कीवॉन ही तायक्वांदोची मध्यवर्ती वास्तू उभी राहिली. १९७३ च्या मे महिन्यात तेथे पहिली विश्वस्पर्धा झाली आणि २८ मे रोजी किम उन-याँग ह्यांच्या अध्यक्षतेखाली जागतिक तायक्वांदो महासंघाची स्थापना झाली. चोई ह्यांच्या महासंघाची पहिली विश्वस्पर्धा १९७४ मध्ये माँट्रियल येथे भरली. अशा रीतीने एकाच नावाच्या कलेच्या दोन संघटना आणि दोन स्पर्धापद्धती अस्तित्वात आल्या.

चोई ह्यांच्या महासंघाने स्पर्धेचे चार विभाग केले : तुल, लढत, आघाताने फळ्या फोडणे, आणि उंच उडी घेऊन लक्ष्यावर अचूक लाथ मारण्यासारखी विशेष कौशल्ये. लढतीत आघात आवरून करावयाचा असतो. ज्याला ताकद आहे पण ती आवरता येत नाही, त्याला येथे यश मिळत नाही. जागतिक महासंघाने छातीवर कवच बांधून पूर्ण जोराने केलेल्या लढतीवर भर दिला. ही लढत प्रेक्षकाला चटकन समजते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९८० मध्ये ह्याच महासंघाला मान्यता दिली. १९८८ मध्ये सोल व १९९२ मध्ये बार्सिलोना येथे तायक्वांदो प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळला गेला. आणि ४ सप्टेंबर १९९४ रोजी पॅरिसच्या अधिवेशनात त्याला सिडनी ऑलिंपिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून प्रवेश मिळाला.

जे मोजले जाते, ते वाढते

कोणत्याही स्पर्धेत खेळाडू नियमांकडे पाहून आपली तयारी करतो. ज्या गोष्टीला गुण असतात ती तो घोटतो; ज्या गोष्टीला नसतात ती मागे पडते. ऑलिंपिक पद्धतीत डोक्यावर मुठीने आघात करण्यास मनाई आहे आणि छातीवरील मुठीच्या आघाताला सर्वांत कमी म्हणजे १ गुण मिळतो. उलट डोक्यावर गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला ५ गुण आहेत. परिणामी नावातील 'क्वॉन' दुर्बळ झाला आणि 'ताय' बलवान झाला.

पंचांच्या निर्णयांवरील वाद मिटावेत म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आघात आपोआप नोंदवणारी विद्युत कवचे वापरण्यात आली. २०१६ मध्ये रिओ येथे शिरस्त्राणालाही तशीच योजना केली गेली. निर्णय अधिक निःपक्षपाती झाले, ह्यात शंका नाही. परंतु खेळाडूंच्या लवकरच ध्यानात आले की, यंत्राला जोरदार लाथ लागते असे नाही, नेमका स्पर्शही पुरतो. मग पुढचा पाय उचलून तो तलवारीसारखा समोर नाचवण्याची रीत रूढ झाली. तिच्यावर टीका होऊ लागली, तेव्हा नियम पुन्हा बदलावे लागले. नियम करणाऱ्यांचा हेतू न्यायाचा होता, खेळाडूंचा हेतू विजयाचा होता. आणि ह्या दोन्ही रास्त हेतूंच्या मध्ये कलेचे रूप मात्र पालटले.

ह्यावर एक उपाय म्हणजे मोजपट्टीच अधिक रुंद करणे. जागतिक महासंघाने २००६ पासून 'पूमसे' ह्या एकट्याने करावयाच्या हालचालींच्या मालिकांची स्वतंत्र विश्वस्पर्धा सुरू केली. तेथे १० पैकी ४ गुण अचूकतेला आणि ६ गुण सादरीकरणाला, म्हणजे वेग व बळ, लय आणि अंतःशक्तीची अभिव्यक्ती ह्यांना असतात. २०१८ च्या जाकार्ता आशियाई खेळांतही पूमसेला स्थान मिळाले. तरीही सौजन्याला किती गुण द्यावेत, हे कोणतीही संहिता सांगू शकणार नाही.

बीजिंगमधील दोन प्रसंग

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकाच सप्ताहात घडलेले दोन प्रसंग ह्या दृष्टीने उद्बोधक आहेत. क्यूबाचा आंखेल मातोस हा सिडनीचा सुवर्णपदकविजेता कांस्यपदकासाठी लढत होता. दुखापतीनंतर मिळणारा एक मिनिटाचा अवधी संपला तरी तो उभा राहू शकला नाही, म्हणून पंचांनी त्याला पराभूत ठरवले. संतापलेल्या मातोसने पंचांच्या तोंडावर लाथ मारली. त्याला व त्याच्या प्रशिक्षकाला जन्मभरासाठी बंदी करण्यात आली. त्याची लाथ ऑलिंपिक विजेत्याची होती. उणीव लाथेत नव्हती.

दुसरा प्रसंग अफगाणिस्तानच्या रोहुल्ला निकपाईचा. युद्धामुळे त्याचे कुटुंब इराणमध्ये आश्रयाला गेले होते आणि तेथे अफगाण निर्वासितांच्या तायक्वांदो संघात तो खेळू लागला होता. विश्वविजेतेपद मिळवलेल्या स्पेनच्या खेळाडूचा पराभव करून त्याने कांस्यपदक जिंकले. अफगाणिस्तानच्या इतिहासातील ते पहिले ऑलिंपिक पदक होय.

दोघेही एकाच नियमांखाली आणि एकाच गादीवर लढले. स्पर्धेने एकाचा संयम किती उथळ होता ते उघड केले आणि दुसऱ्याची चिकाटी जगापुढे आणली. ह्यावरून असे म्हणता येईल की, स्पर्धा तत्त्वे शिकवीत नाही. ती अगोदर शिकली गेली आहेत की नाहीत, एवढेच ती दाखवते. म्हणून स्पर्धेला दोष देणे जितके चुकीचे, तितकेच सारा भार तिच्यावर टाकून निश्चिंत होणेही चुकीचे आहे.

प्रशिक्षणाचे कार्य

तत्त्वे शिकण्याची जागा म्हणजे 'दोजांग', अर्थात अभ्यासगृह. आपल्याकडील मल्ल आखाड्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळी लावतो, तसा तायक्वांदोचा विद्यार्थी दोजांगच्या उंबरठ्यावर वाकून नमस्कार करतो. जोडीदारालाही तो लढतीपूर्वी आणि लढतीनंतर नमस्कार करतो; ज्याच्या अंगावर आपण सराव केला, त्याचे आपण ऋणी आहोत, ही जाणीव त्यामागे आहे. येथे घाई चालत नाही. कुक्कीवॉनच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीनंतर दुसरीसाठी किमान १, दुसरीनंतर तिसरीसाठी २ आणि तिसरीनंतर चौथीसाठी ३ वर्षे थांबावे लागते.

प्रसाराच्या कामात खरा दुवा शिक्षकाचा असतो, हे दोन्ही संघटनांनी ओळखले. चोई ह्यांनी देशोदेशी आंतरराष्ट्रीय शिक्षकवर्ग घेतले. कुक्कीवॉन परदेशी शिक्षकांना प्रशिक्षण देत आले आहे. पदक एका खेळाडूला मिळते, परंतु जाणता शिक्षक आपल्या गावातील अनेक मुलांपर्यंत ती विद्या पोहोचवतो. त्याला लाथ उत्तम येते पण तुलाच्या नावाचा अर्थ सांगता येत नाही, अशी स्थिती असेल, तर त्याच्या शिष्यांना अर्धीच विद्या मिळेल.

ह्या विद्येच्या वारसांनाही हा धडा सोपा गेला नाही. १९८० मध्ये चोई ह्यांनी आपले पथक उत्तर कोरियात नेले आणि दुरावा अधिकच वाढला. २००२ मध्ये चोई निवर्तले आणि त्यांच्या संघटनेतही फाटाफूट झाली. पुढे २०१४ मध्ये नानजिंग येथे दोन्ही परंपरांच्या प्रतिनिधींनी परस्परांना मान्यता देणाऱ्या करारावर सह्या केल्या, आणि एप्रिल २०१८ मध्ये दोहोंच्या पथकांनी प्याँगयांग येथे एकत्र प्रात्यक्षिके केली. त्या दिवशी कोणी जिंकले नाही आणि कोणी हरले नाही.

जॉर्डनमधील अझराक येथे सीरियातून आलेल्या निर्वासितांची मोठी छावणी आहे. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या तायक्वांदो मानवतावादी प्रतिष्ठानच्या साहाय्याने तेथे मुलांना ही विद्या शिकवली जाते. ह्याच छावणीत शिकलेला याह्या अल गोतानी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निर्वासित संघाच्या दोन ध्वजवाहकांपैकी एक होता. छावणीतील बहुतेक मुले पॅरिसला जाणार नाहीत. परंतु रांगेत उभे राहणे, आपली पाळी येईतो थांबणे, पडल्यावर उठणे आणि समोरच्याला नमस्कार करणे, हे ती रोज शिकतात. स्पर्धेमुळे त्यांच्या छावणीचे नाव जगाला कळले. त्यांना जे मिळते ते मात्र त्या रोजच्या अभ्यासातून मिळते. तायक्वांदोच्या नावातील तिसरा शब्द टिकावयाचा असेल, तर तो अशाच ठिकाणी टिकेल.