काळारामाच्या गावातून

नाशिक रोड,
रविवार

चि. बाळास सप्रेम जय भीम, अनेक आशीर्वाद.

काल ताईनं तुझ्या भाषणाचा व्हिडिओ दाखवला. आधी तिनं नुसतं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, कुणीतरी काटछाट करून फिरवला असेल. मग स्वतः पाहिला. वस्तीवर दगडफेक झाली आणि तू चिडलास, यात मला काही वावगं वाटत नाही. मी तिथे असते तर मीही चिडले असते. पण शेवटी तू म्हणालास, "ती माणसंच नाहीत." त्यावर टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, आणि तू हसलास. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

अरे, हे वाक्य आपल्या घरानं पिढ्यान् पिढ्या ऐकून घेतलं आहे. बोललं कधीच नव्हतं.

2 मार्च 1930 ही तारीख तुला लहानपणापासून पाठ आहे, तरी पुन्हा लिहिते. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि हजारो माणसं प्रवेश मागायला काळाराम मंदिरावर गेली, तर दरवाजे बंद. चारही दरवाज्यांवर तुकड्या बसल्या, त्यांत बायाही होत्या. त्या रामनवमीला रथाचा दोर दोन्हीकडच्यांनी ओढायचा असं ठरलं होतं. ते मोडलं आणि दगड आले. पुढे जिल्ह्यातल्या खेड्यांत आपल्या लोकांचे रस्ते अडवले, दुकानदार सामान देईनात, पोरांना शाळेतून काढलं. तरी लढा पाच वर्षं टिकला. नुसत्या द्वेषावर पाच वर्षं कोण बसेल? द्वेषाला टाळ्या लवकर मिळतात, पण टाळ्या संपल्यावर ज्याचं काम सुटलंय त्याच्या घरी पीठ कोण पोचवणार? तुझी पणजी भाकऱ्यांची दुरडी घेऊन जायची ती कुणाचा तिरस्कार म्हणून नव्हे. दारावर बसलेलं पोर उपाशी आहे म्हणून जायची.

बाबासाहेबांनी 3 मार्च 1934 ला दादासाहेबांना लिहिलेलं पत्र तू वाचलं आहेस, मीच दिलं होतं तुला. मूर्तीची पूजा करायला मिळावी म्हणून हा सत्याग्रह नव्हता, आपल्या माणसांना आपली स्थिती कळावी, ती जागी व्हावीत म्हणून होता, आता ताकद शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवा, असं त्यात आहे. दगड खाल्लेल्या माणसाचं ते पत्र आहे. त्यात सगळी काळजी आपल्या माणसांची. पुढच्याच वर्षी, 13 ऑक्टोबरला, येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

म्हणजे राग गिळ असं मी सांगतेय असं समजू नकोस. पणजीचा राग मरेपर्यंत गेला नाही. स्वातंत्र्यानंतर मंदिर खुलं झालं, पण ती कधी आत पाऊल टाकायला गेली नाही. "ज्या दारानं माझ्या पोरांना बाहेर ठेवलं, त्या दाराशी माझं काही काम नाही," म्हणायची. आणि 1969 च्या पुरात गोदावरी पंचवटीत शिरली तेव्हा तिनं घर उघडं टाकलं. कोण कुठला, कुणाच्या आळीतला, विचारलं नाही. एका म्हाताऱ्या बाईनं सोवळं असल्यामुळे भाकरी नाकारली, तर हिनं तिला कोरडे पोहे आणि गूळ दिला, आणि रात्री तिच्या अंगावर स्वतःची गोधडी घातली. ही बाई भित्री होती असं कुणी म्हणून दाखवावं माझ्यासमोर.

ताईनं दुसरंही सांगितलं. तुझ्या खोलीतला तो मित्र भाषणानंतर म्हणाला, "शेवटचं वाक्य नको होतं रे," तर तू त्याला गद्दार म्हणालास. तो खोली सोडून गेला. हे खरं आहे का? कारण मला भाषणापेक्षा याचीच जास्त भीती वाटते.

1972 ला दलित पँथर निघाली तेव्हा मी कॉलेजात जात होते. त्या पोरांनी आम्हाला ताठ चालायला शिकवलं, ते ऋण फिटणार नाही. पण 1974 ला फूट पडली. मग कालपर्यंत एका ताटात जेवणारे एकमेकांना विकले गेलेले म्हणू लागले. इथे माझ्या एका मैत्रिणीचं आणि माझं बोलणं बंद झालं. ती दुसऱ्या गटाची. पुढे दोघींच्या पोरी एका शाळेत गेल्या, फाटकाशी उभ्या राहायचो, आणि बोलायचो नाही. ती गेल्याचं मला पेपरातून कळलं. अजून कधी कधी वाटतं, तिला सांगायचं राहिलं की तुझी आठवण येते.

ज्याला फक्त शत्रू मोजता येतात, तो बाहेरचे संपले की घरातले मोजतो. याउलट, दादासाहेबांनी 1964 ला भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. त्यात मागणी जातीसाठी नव्हती, जमीन नसलेल्या प्रत्येकासाठी होती. लाखो माणसं तुरुंगात गेली. एवढी माणसं द्वेषानं येत नाहीत, बाळा.

6 मार्च 2018 ला मी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाशी शेतकऱ्यांचा लाँग मार्च पाहायला उभी होते. सुरगाण्याकडची एक बाई, माझ्याच वयाची. चपलेचा अंगठा तुटलेला, सुतळीनं बांधलेला, टाच भेगाळून काळी पडलेली. वनजमिनीच्या कागदासाठी ती मुंबईपर्यंत चालत निघाली होती. शेवटच्या रात्री ही माणसं सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाकडे रातोरात चालली, कारण सकाळी दहावीचा पेपर होता, शहरातल्या पोरांना त्रास नको. आणि मुंबईकर पाणी, खाणं, चपला घेऊन रस्त्यावर आले. सरकारवरचा त्यांचा राग तुझ्यापेक्षा कमी होता का?

म्हणून पुन्हा विचारते, ते वाक्य तुझं होतं की समोरच्या टाळ्यांचं? माझ्या कडेवर वाढलेला पोरगा असं बोलेल हे माझं मन मानत नाही. पाचवीत असताना मेलेलं कुत्र्याचं पिल्लू पुरायला माझी नवी ओढणी घेऊन गेला होतास. मी तेव्हा रागावले नव्हते, आजही फार वेळ रागावून राहवत नाही.

आवाज बसलाय तुझा, व्हिडिओत कळतं. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या कर. जेवतोस का वेळेवर? बाजरीचं पीठ आलंय, सुकट ठेवलीय. आज त्या मित्राला फोन कर. तो उचलणार नाही, पुन्हा कर. येत्या शनिवारी ये, आणि त्यालाही घेऊन ये.

तुझी
आत्या