आयर्लंडचे लोक देश सोडून का गेले?

बटाटा आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. भाजीला चालतो, उपासालाही चालतो. पण तो मूळचा आपला नव्हे. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेच्या डोंगराळ मुलखात आहे. तेथून तो युरोपात गेला आणि पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्याकडे आला. 'बटाटा' हा शब्दही आपण त्यांच्याकडूनच घेतला. या बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि एका देशाची दैना झाली. ती हकिगत आज आपण वाचू.

युरोपच्या पश्चिम टोकाला, इंग्लंडच्या शेजारी, आयर्लंड नावाचे बेट आहे. तेथे पाऊस पुष्कळ, ऊन बेताचे. रान सदा हिरवे. १८०१ सालापासून या बेटाचा कारभार लंडनहून चालू लागला. १८४१ साली तेथे शिरगणती झाली. माणसे भरली सुमारे ८२ लाख. दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. ती भरली सुमारे साडेपासष्ट लाख. म्हणजे वाढण्याऐवजी १६ लाखांहून जास्त माणसे घटली.

लढाई झाली नव्हती. भूकंप झाला नव्हता. मग ही माणसे गेली कोठे?

एकाच पिकावर संसार

आयर्लंडातली जमीन बहुतेक जमीनदारांची होती. कित्येक जमीनदार स्वतः इंग्लंडात राहत. त्यांचे कारभारी खंड वसूल करीत. गरीब कूळ लहानसा तुकडा खंडाने कसत असे. त्यात ओट नावाचे धान्य पिकवी, घरी एखादे डुक्कर पाळी. पण ते धान्य मुलांच्या तोंडी लागत नसे. धान्य आणि डुक्कर विकून खंड भरायचा. मग खायचे काय? तर बटाटा.

एक एकर बटाटा असला, तर पाचसहा माणसांचे घर वर्षातले बरेच महिने निभे. कष्टकरी गडी दिवसाला पाच किलो बटाटे सहज खाई. जोडीला मिळाले तर ताक. अशा रीतीने सुमारे ३० लाख लोकांचे पोट जवळजवळ बटाट्यावरच चाले.

यात एक मेख होती. बहुतेक गरिबांच्या शेतात 'लंपर' नावाचा एकच वाण असे. बटाट्याची लागण बटाट्याच्याच फोडींनी होते, हे खेड-आंबेगावकडच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. फोडीतून आलेले झाड मूळ झाडासारखेच हुबेहूब निघते. म्हणून एका झाडाला जो रोग मारी, तो साऱ्या शिवाराला मारी.

रान काळे पडले

१८४५ सालच्या सप्टेंबरात हा रोग आयर्लंडात आला. पानांवर काळे डाग पडले. थोड्याच दिवसांत रान काळवंडले. माती उकरली तर बटाटे सडलेले, नाकाला पदर लावावा अशी घाण सुटलेली. काही बटाटे वरून चांगले दिसले. तेही साठवणीच्या खड्ड्यात कुजून गेले.

आपण ज्याला करपा म्हणतो, त्यातलाच हा उशिरा येणारा करपा. बुरशीसारख्या एका सूक्ष्म जीवामुळे तो होतो. थंड आणि दमट हवेत तो वाऱ्याबरोबर पसरतो. त्या काळी हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. कोणी आभाळातल्या विजेला दोष देई, कोणी दैवी कोप म्हणे.

पहिल्या वर्षी पिकाचा काही भाग हाती लागला. १८४६ साली जवळजवळ सगळेच पीक गेले. १८४७ साली रोग कमी होता, पण लोकांनी बेण्याचे बटाटेही खाऊन टाकले होते. लागणच थोडी झाली. १८४८ साली करपा पुन्हा आला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तो असा.

हाच करपा बेल्जियम आणि हॉलंडातही पडला होता. तेथेही हाल झाले. पण आयर्लंडाइतकी माणसे तेथे दगावली नाहीत. तेथल्या लोकांच्या हाताशी दुसरे अन्न अधिक होते. म्हणजे करपा सगळीकडे एकच. तरी आयर्लंडच का उजाड झाला, हे नीट पाहिले पाहिजे.

सरकारने काय केले?

पहिल्या वर्षी पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी अमेरिकेतून मका विकत आणवला. त्याने थोडा धीर मिळाला. १८४६ साली सरकार बदलले. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, असे नव्या सरकारचे मत होते. मदतीच्या पैशाच्या नाड्या चार्ल्स ट्रेव्हेल्यन या खजिन्याच्या अधिकाऱ्याच्या हाती होत्या. फुकट मदत दिली तर लोक आळशी होतील, असे त्याला वाटे. पुढे १८५९ साली हाच गृहस्थ मद्रासचा गव्हर्नर होऊन आपल्या देशात आला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हाही व्यापाराला हात लावायचा नाही, हाच विचार इंग्रज सरकारने धरला होता. लोक उपाशी असताना देशातले धान्य परदेशी गेले.

आयर्लंडातही तेच घडले. घरात चूल थंड, आणि बंदरातून ओट, लोणी आणि गुरे इंग्लंडला चाललेली. कोठे कोठे तर धान्याच्या गाड्यांबरोबर शिपायांचा पहारा असे. बाहेरून धान्य येतही होते, पण ते विकत घ्यायला गरिबापाशी पैसा नव्हता.

मग सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडायची, रस्ते बांधायचे. १८४७ सालच्या मार्चात सात लाखांवर माणसे अशा कामावर होती. पण मजुरी तुटपुंजी, तीही उशिरा मिळे. उपाशी माणूस थंडीत घण कसा उचलणार? कित्येक जण कामावरच कोसळले.

शेवटी त्याच वर्षी सरकारने अन्नछत्रे उघडली. उन्हाळ्यात रोज सुमारे ३० लाख लोकांना शिजवलेले अन्न मिळू लागले. म्हणजे करायचे ठरवले, तर करता येत होते! पण थोड्याच महिन्यांत ती छत्रे बंद झाली. यापुढे गरिबांचा भार स्थानिक करातून चालणाऱ्या गरीबखान्यांवर टाकला. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे ठेवीत. त्यात आणखी एक कायदा झाला. ज्याच्याकडे १० गुंठ्यांहून जास्त जमीन असेल, त्याला मदत नाही. जमीन सोडावी तर पुढे खायचे काय? धरून ठेवावी तर आज मरायचे. गरिबाला सरकारने असे पेचात धरले.

जमीनदारांनाही लहान कुळांपायी कर भरावा लागे. म्हणून अनेकांनी कुळांना बाहेर काढले आणि त्यांची घरे पाडली. लाखो माणसे उघड्यावर आली.

सात-आठ वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली. बरेच जण भुकेने खंगून तापाने आणि हगवणीने गेले. आणखी १० लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. मधल्या काळात मुले जन्मलीही, म्हणून वजाबाकीत आकडा १६ लाखांचा दिसतो.

माणुसकीही दिसली. कलकत्त्यात वर्गणी गोळा होऊन आयर्लंडला गेली. अमेरिकेतील चोक्टॉ नावाच्या आदिवासींनी १८४७ साली पैसे पाठवले. पंधरासोळा वर्षांपूर्वीच त्यांना स्वतःच्या भूमीतून हाकलले होते. ज्याचे जळते त्यालाच कळते.

समुद्रापलीकडे

लोक आधी इंग्लंडच्या लिव्हरपूल बंदरात जात. तेथून कॅनडा किंवा अमेरिका. कॅनडातून लाकूड आणणारी जहाजे परत जाताना रिकामी असत. त्यांत स्वस्त भाड्याने माणसे भरली. खाली अंधार, दाटी, थोडे पाणी आणि अंगावर उवा. उवांमुळे टायफस ताप पसरे. प्रवास सहा-आठ आठवड्यांचा, कधी त्याहून जास्त. मेलेल्यांना समुद्रात सोडावे लागे. लोक त्या जहाजांना 'शवपेट्या' म्हणू लागले.

कॅनडातील ग्रोस आइल बेटावर आजारी उतारूंना थांबवून ठेवीत. एकट्या १८४७ सालात तेथे ५ हजारांहून अधिक माणसे पुरली गेली. त्यांची सेवा करणारे डॉक्टर, परिचारिका आणि पाद्रीही तापाने गेले. पोरकी झालेली कितीतरी मुले तेथल्या फ्रेंच बोलणाऱ्या कुटुंबांनी पदरात घेतली. अनेकांनी त्या मुलांची आडनावे तशीच राहू दिली.

ही सारी दैवाची करणी होती काय? 'जीनी जॉन्स्टन' नावाच्या जहाजाने १८४८ ते १८५५ या काळात सोळा फेऱ्या केल्या. अडीच हजारांवर माणसे नेली. त्यांतले एकही दगावले नाही. त्या जहाजावर डॉक्टर होता आणि स्वच्छता पाळली जाई.

अक्षराची किंमत

आता जे सांगतो, ते ध्यान देऊन वाचा. आम्ही सारा जन्म शाळेत घालवला, म्हणून ही गोष्ट आम्हांला विशेष वाटते.

लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर दलाल टपलेले असत. ते गोड बोलत आणि पुढच्या प्रवासाची खोटी तिकिटे विकत. ज्याला वाचता येत नसे, तो हमखास फसे. हा लुटालूट थांबावी म्हणून १८५५ साली न्यूयॉर्कमध्ये नव्या लोकांसाठी सरकारी उतरण्याची जागा केली गेली.

गेलेले लोक कालवे खणीत, रेल्वेचे रूळ टाकीत. मुली परक्या घरी धुणीभांडी करीत. तेथेही त्यांची हेटाळणी झाली. तरी पोटाला चिमटा घेऊन ते घरी पैसे पाठवीत. त्या पैशांवर मागे राहिलेला भाऊ किंवा बहीण बोटीचे तिकीट काढी. अमेरिकेचे पत्र आले की गावात आनंद होई. पण ते वाचणार कोण? मग पत्र घेऊन पाद्र्याकडे किंवा मास्तरांकडे जायचे. लेकीने मनातले लिहिलेले सारे गावासमोर वाचले जाई.

जाणाऱ्याच्या आदल्या रात्री घरात शेजारीपाजारी जागत, मयताच्या घरी जागतात तसे. कारण गेलेले माणूस पुन्हा दिसेल, अशी आशा नसे. १८५० साली न्यूयॉर्क शहरात दर चार माणसांत एक आयर्लंडात जन्मलेला होता.

आयर्लंडचा मोठा भाग १९२२ साली स्वतंत्र झाला. आज साऱ्या बेटावर ७० लाखांवर लोक राहतात. पण १८४१ सालचे ८२ लाख अजून भरून आलेले नाहीत. पावणेदोनशे वर्षे उलटली, तरी ती जागा रिकामीच आहे.

करप्याने बटाटा मारला. माणसे मारली ती हक्काची जमीन नसण्याने, एकाच पिकावर संसार टाकावा लागण्याने आणि वेळेवर हात न देणाऱ्या सरकारने. गाव सोडून जाणारा माणूस हौसेने जात नाही. आपल्या वेशीत कोणी पोटासाठी आला, तर त्याला नावे ठेवण्याआधी त्याच्या मागे काय जळले आहे, ते विचारावे.

विचार करा आणि सांगा

१. बटाटा गेला, तरी बेल्जियममध्ये आयर्लंडाइतकी माणसे का मेली नाहीत?
२. १० गुंठ्यांच्या कायद्याने कूळ कसे पेचात सापडले?
३. वाचता येत नसल्यामुळे परदेशी गेलेल्यांचे कोणते नुकसान झाले?
४. आपल्या गावात पोटासाठी बाहेर गेलेली किंवा बाहेरून आलेली कुटुंबे कोणती? त्यांना भेटून त्यांची हकिगत विचारा आणि चार ओळी लिहून काढा.