आपत्तीतील आरोग्यसेवा आणि पदव्युत्तर प्रबंध

साथ ओसरली की तिच्या आठवणीही ओसरतात. रुग्ण कोठून आले, औषधे केव्हा संपली, कोणता उपाय उपयोगी पडला, याची नोंद मागे राहिली नाही तर पुढील साथीत त्याच उणिवांची किंमत प्राणांनी मोजावी लागते. म्हणूनच सार्वजनिक आरोग्याच्या आपत्ती व्यवस्थापनावरील प्रबंध पूर्ण होणे ही केवळ विद्यार्थ्याची खाजगी बाब नव्हे.

बनगावचा धडा

१९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकीची साथ उद्भवली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना तोंडाने देण्याची व्यवस्था केली. नातेवाईकही ते पाजू शकत. तेथे उपचार घेतलेल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. हा अनुभव १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या धावपळीतही रुग्णांची गणना ठेवली गेली, म्हणूनच तो इतरांस उपयोगी पडला. तुलनेसाठी काही रुग्णांना उपचारावाचून ठेवणे मात्र उचित नव्हते. अभ्यासाच्या अशा मर्यादा प्रबंधात स्पष्टपणे नमूद कराव्यात.

प्रबंध पूर्णत्वास कसा न्यावा?

प्रथम, प्रश्न लहान असावा. ‘जिल्ह्यातील आपत्ती व्यवस्थापन’ या विषयास अंत नाही. ‘पुरानंतरच्या पहिल्या सात दिवसांत एका तालुक्यातील पाणी शुद्धीकरण’ हा विषय आटोक्यात राहतो. दुसरे, आवश्यक परवानग्या व नीतिविषयक समितीची मान्यता यांसाठी प्रारंभीच अर्ज करावा. तिसरे, बाह्यरुग्ण नोंदवही, पाणी नमुन्यांचे अहवाल, टीसीएल पावडरची साठा नोंदवही यांचा आधार घ्यावा. रुग्णांची नावे मात्र गुप्त राखावीत. चौथे, सर्व माहिती हाती येईपर्यंत लेखन थांबवू नये. अभ्यासपद्धतीचे प्रकरण आधीच लिहून ठेवावे.

या कामी अधिकाऱ्यांनी परवानगीस विलंब लावू नये, शिक्षकांनी प्रश्न नेमका करण्यास साहाय्य करावे आणि पंचायत सदस्यांनी नोंदवह्या अद्ययावत राहतील हे पाहावे. विद्यार्थ्यानेही आपले निष्कर्ष सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे मांडावेत. प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात पोचला म्हणजे पदवी मिळते. तो गावाच्या उपयोगी पडला म्हणजेच संशोधन सार्थकी लागते.