लिंबाची पालवी पिवळी, आणि सल्ले पाच

प्रश्न : सिडकोतील आमच्या अंगणात कागदी लिंबाचे झाड आहे. पावसाळा संपत आला की त्याची नवी पालवी पिवळी येते, पानांच्या शिरा मात्र हिरव्याच राहतात. शेजारच्या काकू मूळच्या रत्नागिरीच्या. त्या म्हणतात, बुंध्यात चुना घाला. सासूबाई म्हणतात, आंबट ताक ओता. नर्सरीवाल्याने टॉनिकची बाटली दिली. मोबाइलवर एकाने गंजलेले खिळे पुरायला सांगितले, तर दुसऱ्याने एप्सम मीठ. यातले खरे कोणाचे मानायचे?
– एक वाचक भगिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : एका लिंबाला पाच वैद्य मिळाले आहेत आणि पाचही जण मनापासून सांगत आहेत. पण तुमच्या प्रश्नातच निम्मे निदान आलेले आहे. पालवी नवी आहे, पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात आहे आणि ते पावसाळ्याच्या शेवटी होते, ही तीन निरीक्षणे तुम्ही नोंदवलीत. पाचांपैकी कोणी ती विचारली होती का?

पिवळी पाने नवी की जुनी, हे आधी पाहायचे. नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देते, त्यामुळे खालची, जुनी पाने आधी पिवळी होतात. लोहाचे तसे नाही. एकदा पानात गेलेले लोह झाडाला सहसा परत काढता येत नाही, म्हणून टंचाई झाली की नवी पालवीच उपाशी राहते. पान फिकट पिवळे आणि त्यावर शिरांची हिरवी जाळी, हे लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण. पाने बारीक, अरुंद आणि ठिपक्याठिपक्यांनी पिवळी असती, तर जस्ताचा संशय आधी घेतला असता. मॅग्नेशियम कमी असते तर जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण उरून बाकीचे पान पिवळे दिसले असते. म्हणजे एप्सम मिठाचा सल्ला इथेच गळाला, कारण ते मीठ मॅग्नेशियमचे आहे.

मग मातीत लोह नाही का? भरपूर आहे. आपली काळी माती ज्या दगडापासून झाली, त्याच काळ्या पाषाणात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरलेली आहेत आणि त्या दगडात लोह मुबलक असते. अडचण चुन्याची आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेवढ्या पावसाने मातीतला चुना धुऊन जात नाही, तो खाली साठतो. खड्डा खणताना पांढरे खडे लागतात, ते तेच. चुन्याने मातीचा सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर जातो, आणि सामू एका अंकाने चढला की पाण्यात विरघळू शकणारे लोह जवळपास हजारपटीने घटते. पावसाळ्यात काळी माती दिवसेंदिवस चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही, मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढते आणि लोह घेणे आणखी अवघड होते. तुमचे झाड दर वर्षी त्याच सुमारास का पिवळे पडते, त्याचे कारण हे.

आता काकूंचा चुना. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथल्या जांभ्या मातीतला चुना कधीच धुऊन गेला आहे आणि ती आम्लधर्मी झाली आहे. तिथे चुना घालणे शहाणपणाचे आहे. काकू चुकीचे सांगत नाहीत, फक्त त्यांचा सल्ला रत्नागिरीच्या मातीचा आहे. सिडकोच्या मातीत तोच चुना दुखणे वाढवील. अंड्याच्या टरफलांचेही तसेच, तीही चुनाच.

सासूबाईंच्या ताकामागचा विचार मात्र बरोबर दिशेचा आहे. आंबट पदार्थ चुना खातो. प्रश्न मापाचा आहे. दहा किलो मातीत पाच टक्के चुना धरला, तर तो अर्धा किलो होतो. एक लिटर आंबट ताक त्यातला सुमारे चार ग्रॅम चुना मारील. कुंडीतल्या मातीचाच हा हिशेब, जमिनीतल्या झाडाचे तर विचारूच नका. ताक जेवणातच घ्यावे.

खिळ्यांचे उत्तर सोपे आहे. गंज म्हणजे न विरघळणारे लोह, आणि तसले लोह मातीत आधीच ढिगाने पडले आहे.

हे सगळे माझ्या शब्दावर मानू नका, घरी पाहा. बुंध्यापासून दोन हात अंतरावर वीतभर खोलीवरची मूठभर माती काढा, पांढऱ्या बशीत पसरून वाळवा, ढेकळे फोडा आणि त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. बशी कानाजवळ न्या. चुना भरपूर असेल तर बारीक चुर्र असा आवाज येईल आणि कडेने फेसाचे बुडबुडे उठतील. फेस जोरदार असेल, तर चुन्याचा सल्ला देणाऱ्याला तुम्ही बशीच दाखवू शकता. बुडबुडा एकही आला नाही, तर माझे निदानही पुन्हा तपासावे लागेल.

कोणाचा सल्ला मानावा, हे या कसोटीवर ठरते. जो औषध सांगण्याआधी माती, पाणी आणि पानाची जागा विचारतो, आणि आपले निदान कशाने खोटे ठरेल तेही सांगतो, त्याच्यावर भरवसा ठेवावा. वय, पदवी किंवा मोबाइलवरचे लाखो चाहते यांची किंमत त्यानंतर. सल्ला एका मातीतून दुसरीत नेला की काय होते, याचा धडा फ्रान्सच्या द्राक्षबागायतदारांनी एकोणिसाव्या शतकात घेतला. मुळे खाणाऱ्या किडीने त्यांचे वेल मेले, तेव्हा किडीला दाद न देणारे अमेरिकी खुंट आणून त्यावर कलमे केली गेली. किडीचा प्रश्न सुटला, पण कोन्याक भागाच्या चुनखडीच्या जमिनीत वेल पिवळे पडले. शेवटी 1887 मध्ये पिएर व्हियाला या वनस्पतिशास्त्रज्ञाला अमेरिकेत पाठवावे लागले, आणि चुना सोसणारे खुंट टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर सापडले. तुम्ही पुढे मोसंबीचे कलम आणाल तेव्हा हे आठवा आणि खुंट कोणता ते विचारा. चुनखडीच्या भारी जमिनीत जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट अधिक तग धरतो.

नर्सरीवाल्याबद्दल मला आदर आहे. या गावच्या उन्हात आणि बोअरच्या पाण्यात कोणते झाड जगते, हे त्याच्याइतके थोड्यांना ठाऊक असते. झाड निवडताना त्याचे जरूर ऐका. बाटली घेताना मात्र लेबल वाचा. खत असेल तर 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार त्यात काय आणि किती टक्के आहे, ते छापलेले हवे. कीटकनाशक असेल तर 1968 च्या कायद्यानुसार नोंदणी क्रमांक आणि विषारीपणा दाखवणारा रंगीत चौकोन हवा. नुसते ‘टॉनिक’ लिहिले असेल तर ती बाटली परत करा. लोहाचे चिलेट, म्हणजे रसायनात बांधून विरघळते ठेवलेले लोह, घेत असाल तर त्यावरची अक्षरे पाहा. ईडीटीए असलेले लोह आपल्या चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरते ठीक. मातीत द्यायचे तर ईडीडीएचए लागते. ते महाग असते, पण काम करते.

तातडीचा उपाय स्वस्त आहे. एक लिटर पाण्यात आधी एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि मग पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवा, आणि संध्याकाळी कोवळ्या पालवीवर दोन्ही बाजूंनी फवारा. आधी एकाच फांदीवर करून आठ-दहा दिवस थांबा. त्या फांदीची पाने हिरवी झाली आणि शेजारची पिवळीच राहिली, तर निदान पक्के. हे लोह नव्या पानांत जाणार नसल्याने पुढच्या पालवीला फवारणी पुन्हा करावी लागेल. फरशीवर थेंब सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

कायमचा उपाय मुळांपाशी आहे. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका. पूर्ण बोट आत घालून माती ओली लागली तर पाणी देऊ नका, वरचा थर कितीही भेगाळलेला दिसो. दर वर्षी कुजलेले शेणखत आणि पालापाचोळा घाला. कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांतील आम्ले मुळांभोवतीचे थोडेफार लोह मोकळे करतात. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असते, म्हणून गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवून झाडाला दिले तर त्याचाही उपयोग होतो.

फांदीवरच्या प्रयोगाने पाने हिरवी झाली नाहीत, तर अंदाज बांधत बसू नका. शहरातच हिमायतबागेत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे, पैठण रस्त्यावर आणि गांधेलीला कृषी विज्ञान केंद्रे आहेत. घरबसल्या विचारायचे तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. केंद्रात जाताना पिवळी आणि निरोगी पाने एकाच डहाळीवर असतील अशी एक डहाळी न्या, आणि अर्धा किलो सुकी माती. खत घालून महिना झालेला नसेल तर नमुना घेऊ नका. तपासणी लिहून देताना नत्र, स्फुरद, पालाश यांवर थांबू नका. सामू, क्षारता आणि मुक्त चुना हे तीन आकडे मुद्दाम मागा. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर निघाला, तर त्या जागी लिंबूवर्गातले दुसरे झाड लावू नका.