ठिणगीची वेळ आणि संगणकाचे कामवाटप

पेट्रोलवर चालणाऱ्या एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. ही ठिणगी नेमक्या क्षणी पडावी लागते. ती फार लवकर पडल्यास एंजिन ठोके देऊ लागते व दट्ट्यास इजा पोचू शकते. उशिरा पडल्यास शक्ती घटते आणि इंधन वाया जाते. आधुनिक मोटारीत हा क्षण एक लहानसा संगणक ठरवितो. परंतु इंधनाचे मान ठरविणे, आत येणारी हवा मोजणे, पाण्याचे तापमान पाहणे ही कामेही त्याच्याचकडे असतात. गणित करणारा घटक एकच असेल, तर एका वेळी एकच काम होणार. मग आधी कोणते करावे?

चार सिलिंडरांच्या चार धावी एंजिनात प्रत्येक अर्ध्या फेऱ्यास एक ठिणगी लागते. एंजिन मिनिटास 600 फेरे घेत असता दोन ठिणग्यांमध्ये 50 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, मिळतो. 6,000 फेऱ्यांना तोच अवधी 5 मिलिसेकंद उरतो. पाण्याचे तापमान मात्र सावकाश बदलते. समजा, अशा एखाद्या सावकाशीच्या गणितास 8 मिलिसेकंद लागतात. ते पुरे होईपर्यंत थांबावे, तर ठिणगीची एक पाळी निघून जाईल. म्हणून संगणक ते गणित मध्येच थांबवितो, ठिणगीचे गणित उरकतो आणि सोडलेले काम पुन्हा तेथूनच हाती घेतो.

या युक्तीस 1973 मध्ये लिऊ व लेलँड यांनी गणिताचा आधार दिला. ठरावीक अंतराने येणारी कामे परस्परांवर अवलंबून नसतील, तर अधिक वारंवार येणाऱ्या कामास वरचा क्रम द्यावा. सर्व कामांचा एकूण भार उपलब्ध वेळेच्या सुमारे 69 टक्क्यांच्या आत असल्यास प्रत्येक काम आपल्या पुढच्या पाळीपूर्वी खात्रीने पुरे होते, असे त्यांनी सिद्ध केले.

एंजिनाच्या बाबतीत मात्र एक अडचण असते. येथे ठिणगीच्या कामाचे अंतर स्थिर नसून वेगाबरोबर बदलते. दर ठिणगीस 1 मिलिसेकंद घेणारे गणित 600 फेऱ्यांना 2 टक्के वेळ व्यापते, तर 6,000 फेऱ्यांना 20 टक्के. म्हणून रचनाकार सर्वाधिक वेगाचाही हिशेब करून पाहतात आणि त्या वेगास काही गणिते संक्षिप्त करतात. कारण सरासरीने जलद असणे येथे पुरेसे नाही. दट्ट्या वर आल्यावर मिळालेले अचूक उत्तर त्या ठिणगीच्या कामी येत नाही.