ऐनाच्या पानावरच्या गाठी

बागेतल्या शोभेच्या तुतीच्या लोंबत्या फांद्यांवर कीड पडली, तर माळी पंप काढतो आणि औषध फवारून मोकळा होतो. पण ज्या झाडाची पाने दुसऱ्या एका किड्याला खाऊ घालायची आहेत, त्याच झाडावर कीड पडली तर? चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हा प्रश्न नेहमीचाच आहे.

आरमोरीच्या बाजूला ढिवर समाजातील अनेक कुटुंबे टसर रेशमाचे, म्हणजे कोशाचे पीक घेतात. तुतीचा रेशीमकिडा घरात, छपराखाली वाढतो. टसरची अळी मात्र उघड्या रानात ऐनाच्या किंवा अर्जुनाच्या झाडावरच सोडावी लागते. ऐन तुम्ही ओळखताच. मगरीच्या पाठीसारखी साल असलेले ते झाड. अळ्या झाडावर असेपर्यंत पक्षी, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांच्यापासून त्यांची राखण करावी लागते. एवढे जागरण करूनही पानच खराब निघाले तर सारे कष्ट वाया.

पावसाळ्यात ऐनाच्या पानांवर पुष्कळदा फोडांसारख्या गाठी दिसतात. त्या करणाऱ्या किड्याचे शास्त्रीय नाव ट्रायोझा फ्लेचेरी. नागपूरचे संत्रा बागाईतदार ज्या ‘सायला’ किडीला घाबरतात, तिचा हा नातलग. याची मादी कोवळ्या पानावर अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिलू रस शोषू लागले, की भोवतालच्या पेशी भराभर वाढतात आणि पिलू त्यांच्यात झाकले जाते. गंमत पाहा, शत्रूचे घर झाड स्वतःच्याच पेशींनी बांधून देते! मी भौतिकशास्त्राचा शिक्षक. पण साध्या भिंगाखाली चिरलेल्या गाठीतले ते चपटे पिलू पाहिल्यावर तासभर दुसरे काही सुचले नाही.

गाठी फार झाल्या की पान वाकडेतिकडे होते, त्याचा कस उतरतो, आणि अळीच्या वाट्याला निकृष्ट चारा येतो. आता फवारावे, तर कीटकनाशकाला ट्रायोझा कोणता आणि टसरची अळी कोणती, हे कळत नाही. दोघेही कीटकच. शिवाय पिलू गाठीत दडलेले असल्याने वरवरचा फवारा त्याच्यापर्यंत धड पोहोचतही नाही. आंतरप्रवाही औषध रसातून पोहोचेल, पण मग तेच विष पानातून अळीच्या पोटात जाईल.

म्हणून इथे औषधापेक्षा वेळ महत्त्वाची. गाठी थोड्या असतानाच, पूर्ण वाढलेले किडे बाहेर पडण्याआधी, तसली पाने तोडून नष्ट करावीत. नंतर तोडली तर रिकामी घरे जाळल्यासारखे होते. आणि अळ्या सोडताना गाठाळलेली झाडे वगळावीत.

या किडीलाही शत्रू आहेत. काही अगदी बारीक परजीवी माश्यांच्या अळ्या गाठीतल्या पिलांवरच वाढतात. हे तुम्हांला शाळेतही पाहता येईल. गाठी असलेली दहा पाने रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवा, तोंडावर मलमलचे दुहेरी फडके बांधा आणि बाटली सावलीत ठेवा. रोज सकाळी भिंगातून पाहा. बाहेर आलेल्यांपैकी ट्रायोझा किती आणि माश्या किती, ते तारखेसह वहीत लिहा. माश्यांची कंबर बारीक असते, त्यावरून त्या ओळखू येतील. पाने बुरसली तर ती फेकून पुन्हा ताजी घ्या. पहिल्या खेपेला बहुधा बुरशीच येते.